जुन्या मसल कारसाठी टायरचे माप कसे ठरवावे

१९६४ ते १९७२ या वर्षांत अमेरिकेत बनलेली एखादी मसल कार, म्हणजे मोठ्या, जोरदार इंजिनाची गाडी, मग ती शेव्हेल असो, जीटीओ असो, मस्टँग असो की चार्जर, हाती आल्यावर नव्या मालकापुढे उभा राहणारा पहिला व्यावहारिक प्रश्न बहुधा टायरचा असतो. विकणाऱ्याने बसवून दिलेले टायर दिसायला नवे वाटतात, कारण अशी गाडी वर्षाकाठी फारशी पळत नाही; पण ते पंधरा वर्षांपूर्वीचेही असू शकतात आणि त्यांचे माप त्या गाडीला योग्य असेलच असे नाही. आजच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी वाचून टायर मागवता येतो. पन्नासहून अधिक वर्षांत अनेक मालकांच्या हातांतून गेलेल्या गाडीत मात्र रिम बदललेले असतात, मागचा ॲक्सल दुसराच असतो, स्प्रिंग खचलेल्या किंवा मुद्दाम कापलेल्या असतात आणि ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक आलेले असतात. म्हणून या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: शोध जुन्या-नव्या मापांच्या तक्त्यापासून सुरू करावा, पण माप ठरवावे ते आपल्याच गाडीला टेप लावून. ‘माझ्या शेव्हेलला हे टायर व्यवस्थित बसले’ असे कोणी सांगितले, तर ते त्याच्या अंगाला बेतलेल्या सदऱ्यासारखे समजावे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि हौसेने पहिली जुनी गाडी घेतलेल्या मराठी वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहीत आहे. उदाहरणासाठी १९६९ची शेव्हेल एसएस ३९६ ही गाडी घेऊ. कारखान्यातून ती १४ इंच व्यासाच्या आणि ७ इंच रुंदीच्या रिमवर, एफ ७०-१४ मापाच्या टायरसह येत असे.

जुने माप वाचणे

मसल कारच्या काळात मापे लिहिण्याची पद्धत बदलत गेली, आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो तो इथेच. साठच्या दशकाच्या मध्यात ६.९५-१४ किंवा ७.७५-१४ अशी मापे असत. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. व्ही-८ इंजिनाच्या १९६५च्या मस्टँगला ६.९५-१४, तर त्याच वर्षीच्या जीटीओला ७.७५-१४ टायर होते. या टायरची उंची रुंदीच्या ८० टक्क्यांहून अधिक असे. मात्र हे प्रमाण मापात कोठेही लिहिलेले नसते.

साठच्या दशकाच्या अखेरीस अक्षरांची पद्धत आली आणि एफ ७०-१४, ई ७०-१५, एफ ६०-१५ अशी मापे दिसू लागली. यात १४ म्हणजे रिमचा व्यास, ७० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ७० टक्के, हे सहज लक्षात येते. अक्षराबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज होतो. हे अक्षर रुंदी सांगत नाही, तर टायर किती भार पेलू शकतो ते सांगते. हवेचा दाब चौरस इंचाला ३२ पौंड असताना ई अक्षराचा टायर १४०० पौंड, एफ अक्षराचा १५०० पौंड आणि जी अक्षराचा १६२० पौंड वजन पेलतो. त्यामुळे एफ ७०-१४ आणि एफ ६०-१५ हे आकाराने अगदी वेगळे असलेले टायर भाराच्या बाबतीत एकाच पंक्तीत बसतात. १९६९च्या कमॅरो झेड/२८ला ई ७०-१५ आणि त्याच वर्षीच्या मस्टँग बॉस ३०२ला एफ ६०-१५ टायर होते. सत्तरच्या दशकात रेडियल टायर (ज्यांत आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात) रुळले तेव्हा एफआर ७०-१४ असा आर अक्षर जोडलेला प्रकारही आला.

आजचे माप २२५/७० आर १४ असे लिहिले जाते. २२५ म्हणजे टायरच्या सर्वांत फुगीर जागेची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे उंचीची टक्केवारी, आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. जुन्या मापाशी अगदी तंतोतंत जुळणारे नवे माप नसते. जवळचे माप निवडावे लागते. ढोबळमानाने ६.९५-१४ साठी १९५/७५ आर १४, ७.७५-१४ साठी २०५/७५ आर १४, ई ७०-१४ साठी २०५/७० किंवा २१५/७० आर १४, एफ ७०-१४ साठी २१५/७० किंवा २२५/७० आर १४ आणि एफ ६०-१५ साठी २३५/६० आर १५ ही मापे धरली जातात. एफ ७०-१४ बाबत तक्ते दोन उत्तरे देतात. माझा कौल २२५च्या बाजूने आहे, कारण त्याची उंची मूळ टायरच्या अधिक जवळ जाते.

रुंदीच्या आधी उंची

नवीन माणूस आधी रुंदीकडे पाहतो, कारण मागून पाहताना रुंद टायरच नजरेत भरतो. हिशेब मात्र टायरच्या एकूण व्यासापासून सुरू व्हायला हवा. तो काढायची रीत सोपी आहे: रुंदीला टक्केवारीने गुणावे, त्याची दुप्पट करावी, २५.४ने भागून इंच करावेत आणि त्यात रिमचा व्यास मिळवावा. २२५/७० आर १४ साठी २२५चे ७० टक्के म्हणजे १५७.५ मिलिमीटर, दुप्पट केल्यावर ३१५, म्हणजे १२.४ इंच, त्यात १४ मिळवले की २६.४ इंच. २१५/७० आर १४चा व्यास याच रीतीने २५.८५ इंच येतो.

हा व्यास बदलला की तीन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे स्पीडोमीटर. या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या दातेरी चाकावरून केबलने चालतो. चाकाचे फेरे मोजणे एवढेच त्याला ठाऊक असते. समजा मागच्या बाजूला २७५/६० आर १५ बसवले, ज्यांचा व्यास २८ इंच येतो, तर काटा ६५ मैल दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ६९ मैलांनी धावत असते. दुसरी गोष्ट इंजिनाच्या फेऱ्यांची. वरच्या गिअरमध्ये थेट जोडणी असेल, म्हणजे इंजिन आणि मागे जाणारा दांडा एकाच वेगाने फिरत असतील, तर ताशी वेग, मागच्या ॲक्सलचे गिअर प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला त्या दांड्याचे किती फेरे) आणि ३३६ यांचा गुणाकार करून टायरच्या व्यासाने भागल्यावर मिनिटाचे फेरे मिळतात. ३.३१ प्रमाणाचा ॲक्सल आणि २६.४ इंचांचा टायर असताना ६० मैलांना इंजिन सुमारे २५३० फेरे फिरते. २८ इंचांच्या टायरवर ते सुमारे २३८० वर येते. महामार्गावर हे सुखाचे वाटते, पण सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटू लागते, आणि मसल कार ज्या जोरासाठी घेतली तो जोरच बोथट होतो. ४.१० प्रमाणाचा ॲक्सल असलेल्या मालकाला मात्र थोडा उंच टायर फायद्याचा ठरतो. तिसरी गोष्ट जागेची, तिच्याकडे पुढे वळू.

सर्वसाधारण नियम असा, की मूळ व्यासापासून ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. त्यापलीकडे जायचेच असेल, तर स्पीडोमीटरचे ते दातेरी चाक वेगळ्या दात्यांचे बसवून घ्यावे. काम लहान आहे, तरीही बरेच जण ते टाळतात आणि मग पोलिसाच्या हातची चिठ्ठी घेऊन घरी येतात.

ज्यांना १७ इंचांचे रिम लावायचे आहेत, त्यांनाही हेच गणित लागू पडते. २३५/५० आर १७चा व्यास २६.२५ इंच येतो, म्हणजे शेव्हेलच्या मूळ टायरच्या अगदी जवळ. त्याऐवजी २३५/४५ आर १७ घेतले तर तो २५.३ इंचांवर येतो आणि मडगार्डखाली मोठी पोकळी दिसते. १७ इंचांत ब्रेकला जागा मिळते आणि चांगल्या रबराचे पर्याय पुष्कळ असतात, हे खरे. तरीही रस्त्यावर वापरायच्या गाडीसाठी मला १५ इंच हा सर्वांत समजूतदार पर्याय वाटतो: रूप जुनेच राहते आणि १४ इंचांपेक्षा टायर मिळणेही सोपे जाते.

रिम तपासणे

टायर मागवण्यापूर्वी एक चाक काढून त्याचा रिम नीट पाहावा. रुंदी मोजताना ती बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत न मोजता, टायरची कड जिथे टेकते त्या दोन आतल्या भिंतींमधली मोजावी. बाहेरून मोजल्यास ७ इंचांचा रिम ८ इंचांचा भासतो. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचे रिमच चालतात. २२५/७० आर १४ साठी ६ ते ७.५ इंच आणि २३५/६० आर १५ साठी ६.५ ते ८.५ इंच ही मर्यादा आहे. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाला की टायर सुमारे ५ मिलिमीटरने फुगतो, म्हणजे एकच टायर दोन वेगळ्या रिमवर दोन वेगळ्या रुंदीचा होतो.

जुने रिम बदलून दुसरे घेणार असाल, तर बोल्टचे वर्तुळ जुळते का ते पाहावे. शेव्हेल, कमॅरो आणि जीटीओ यांना ५ बोल्ट पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात; व्ही-८ मस्टँग आणि चार्जर, चॅलेंजर यांना साडेचार इंचांच्या वर्तुळावर. सहा सिलिंडरच्या सुरुवातीच्या मस्टँगला चारच बोल्ट असतात. क्रायस्लरच्या त्या काळातील अनेक गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, बोल्टच्या टोकावर एल हे अक्षर कोरलेले दिसते, आणि ते न पाहता पान्यावर जोर लावणारा माणूस बोल्ट मोडून ठेवतो. ड्रम ब्रेकसाठी बनवलेले १४ इंची रिम डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या चिमट्याला) अडकतात, असाही अनुभव वारंवार येतो. ब्रेक बदललेले असतील तर रिम आधी मोकळाच चढवून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा.

गाडीवर मोजमाप

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. यासाठी पोलादी टेप, दोन फूट लांबीची सरळ पट्टी, भक्कम स्टँड आणि एक निवांत दुपार एवढेच लागते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नये.

मागच्या चाकापासून सुरुवात करावी, कारण रुंद टायर तिथेच घालायचा असतो. स्टँड ॲक्सलखाली लावावेत, म्हणजे गाडीचे वजन स्प्रिंगवर राहते आणि रस्त्यावर असते तीच उंची कायम राहते. चाक काढावे आणि रिम ज्या सपाट पृष्ठावर टेकतो त्या ड्रमच्या तोंडाला पट्टी उभी टेकवावी. पट्टीपासून आतल्या बाजूला पहिला अडथळा किती अंतरावर आहे ते मोजावे. मस्टँग, कमॅरो आणि चार्जरमध्ये हा अडथळा बहुधा पाट्यांच्या स्प्रिंगचा असतो, तर शेव्हेलच्या मागे गुंडाळीची स्प्रिंग असल्याने आतला पत्रा किंवा चासी आड येते. मग पट्टीपासून बाहेर, मडगार्डच्या आत वळलेल्या काठापर्यंतचे अंतर मोजावे. ही मापे ड्रमच्या मध्याच्या उंचीवर घेऊन थांबू नये. टायरचा वरचा भाग जिथे येणार त्या उंचीवरही घ्यावीत, कारण काठ तिथेच असतो. दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळी मोजावीत. या गाड्यांत ॲक्सल एका बाजूला थोडा सरकलेला असणे नवलाचे नाही, आणि कधी एखाद्या जुन्या धडकेनंतर बसवलेला मडगार्डही आत आलेला असतो.

समजा, आतले अंतर ६ इंच आणि बाहेरचे साडेचार इंच आले. आतल्या बाजूला अर्धा इंच मोकळा ठेवू. बाहेर पाऊण इंच ठेवू, कारण वळणावर गाडी कलते, ॲक्सल किंचित बाजूला सरकतो आणि मागे माणसे बसली की मडगार्ड खाली येते. उरले आत साडेपाच आणि बाहेर पावणेचार, मिळून सव्वानऊ इंच. म्हणजे २३५ मिलिमीटर. २३५/६० आर १५ टायर ७ इंचांच्या रिमवर याच रुंदीचा असतो, म्हणजे तो बसेल.

पण तो त्या सव्वानऊ इंचांच्या बरोबर मध्ये बसला पाहिजे, आणि ते ठरते रिमच्या बॅकस्पेसिंगवर. रिम पालथा टाकून त्याच्या मागच्या काठावर पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीपासून बोल्टच्या पृष्ठापर्यंत खोली मोजली की बॅकस्पेसिंग मिळते. ७ इंची रिमची काठांसह रुंदी ८ इंच असते, म्हणून बोल्टचे पृष्ठ अगदी मध्यावर असेल तर ती ४ इंच येते. आपल्या उदाहरणात आत साडेपाच आणि बाहेर पावणेचार इंच असल्याने टायरचा मध्य ड्रमच्या तोंडापासून सात अष्टमांश इंच आत असायला हवा, म्हणजे बॅकस्पेसिंग सुमारे पावणेपाच ते पाच इंच हवी. त्याऐवजी स्वस्तात मिळाला म्हणून पावणेचार इंचांचा रिम घेतला, तर तोच टायर एक ते सव्वा इंच बाहेर येतो आणि त्याची बाजू मडगार्डच्या काठाच्याही पलीकडे जाते. पहिल्याच खड्ड्यात तो पत्रा साइडवॉल कापू लागतो. माप चुकले म्हणून टायरला दोष दिला जातो; चूक रिमची असते.

पुढच्या चाकांसाठी जागा वेगळ्या रीतीने तपासावी लागते, कारण ती वळतात आणि वर-खालीही होतात. गाडीची चासी स्टँडवर भक्कम ठेवून खालच्या कंट्रोल आर्मखाली (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक लावावा, सस्पेन्शन हळूहळू वर दाबावे आणि त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायर मडगार्डला, चासीला, वरच्या बॉल जॉइंटला किंवा स्टॅबिलायझर बारला कोठे जवळ येतो ते पाहावे. मित्राकडचे जुळणाऱ्या मापाचे चाक तासाभरासाठी मागून आणता आले तर अतिउत्तम. बहुतेक गाड्यांत टायर घासतो तो सरळ चालताना नव्हे, तर पूर्ण वळवून उतारावरून रस्त्यावर उतरताना. १९६५-६६च्या मस्टँगमध्ये पुढे फारच कमी जागा असते. पुढे थोडे अरुंद आणि मागे रुंद टायर ठेवण्यात म्हणूनच कमीपणा काही नाही.

भार, वेग आणि वय

माप नक्की झाल्यावर साइडवॉलवरचे उरलेले आकडे वाचावेत. २२५/७० आर १४ ९८ एस यात ९८ हा भाराचा अंक आहे आणि तो एका टायरला ७५० किलो, म्हणजे सुमारे १६५० पौंड भार सांगतो. मूळ एफ अक्षराच्या १५०० पौंडांपेक्षा तो जास्त असल्याने निवड सुरक्षित आहे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१०. भाराचा अंक मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये.

वयाबाबत मी अधिक काटेकोर आहे. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक कधीकधी टायरच्या आतल्या बाजूलाच असतो, तेव्हा गाडीखाली विजेरी घेऊन तो शोधावा. तीनच आकडे असतील तर टायर २०००पूर्वीचा आहे आणि त्यावर गाडी चालवू नये. नक्षी कितीही खोल असली तरी रबर वयाने कडक होते. दहा वर्षांपलीकडचा टायर मी रस्त्यावर नेत नाही, आणि सहा वर्षांनंतर दरवर्षी साइडवॉलवरच्या बारीक भेगा तपासतो. दुकानातून नवा टायर घेतानाही हेच आकडे पाहावेत, कारण १४ इंची टायर गोदामात बरेच दिवस पडून राहतात.

बायस की रेडियल

गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल आणि परीक्षक मूळ रूपाला गुण देणार असतील, तर त्या काळच्या साच्यातले बायस टायर (ज्यांत आतले धागे तिरके, एकमेकांवरून गेलेले असतात) आजही मिळतात. टेनेसीतील चॅटानूगा येथील कोकर टायर फायरस्टोन वाइड ओव्हलसारखे जुने टायर पुन्हा बनवते, तर मिझुरीतील केल्सी टायर गुडइयर पॉलिग्लास बनवते. ते एफ ७०-१४ याच नावाने मिळतात, त्यामुळे रूपांतराचा प्रश्न उरत नाही. पण महामार्गावरील चाकोऱ्यांमध्ये बायस टायर गाडीला इकडेतिकडे ओढतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी असते. ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांनी रेडियलच घ्यावेत. उठावदार पांढऱ्या अक्षरांचे रेडियल बीएफगुडरिच आणि कूपर यांच्याकडे मिळत आले आहेत. एका ॲक्सलवर एक बायस आणि एक रेडियल असे कधीही करू नये.

बसवल्यानंतर

डॅशबोर्डवरील ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर किंवा दाराच्या कडेला मूळ पट्टी शिल्लक असेल, तर तिच्यावरचा हवेचा आकडा बायस टायरसाठी आहे हे लक्षात ठेवावे. रेडियलमध्ये तेवढीच हवा भरली तर टायर दबलेले राहतात आणि कडा झिजतात. ३० ते ३२ पौंडांपासून सुरुवात करून, टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून, झीज पाहत आकडा ठरवावा. चाकांचे अलाइनमेंटही नव्याने करून घ्यावे आणि कारागिराला आधीच सांगावे की टायर रेडियल आहेत. त्यांना कारखान्याच्या जुन्या आकड्यांपेक्षा जास्त धन कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकणारा कल) मानवतो आणि गाडी सरळ धावते. ५० मैल झाल्यावर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला रबराचा काळा पट्टा उमटला आहे का ते हात फिरवून पाहावे.

डिकीतली स्टेपनी शेवटी पाहावी. चारही टायर बदलल्यावर तिचा व्यास वेगळा राहिला असेल आणि मागच्या ॲक्सलमध्ये पॉझिट्रॅक्शनसारखे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना मिळून जोर देणारी रचना) असेल, तर ती मागे लावून लांब अंतर जाऊ नये. दोन्ही चाकांचे फेरे सतत वेगळे राहिल्याने आतल्या क्लचच्या चकत्या तापून झिजतात. मागचा टायर पंक्चर झाला तर पुढचे एक चाक मागे घ्यावे आणि स्टेपनी पुढे लावावी. मात्र पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर ठेवले असतील, तर ही सोय उरत नाही, म्हणून अशा गाडीत स्टेपनी मागच्या टायरच्या व्यासाचीच घ्यावी.